शंभर घोडे रस्त्यावर, शंभर घोडे पाण्यात

ज्यांच्या लोकलमध्ये बोगदा आला की नेटवर्क जातं, आणि ज्यांना माझा आवाज दीडपट स्पीडवरही सहन होत नाही, अशा सगळ्यांसाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना आकडे भराभर निघून गेले होते, ते इथे जरा सावकाश मांडले आहेत.

भागाला निमित्त एका श्रोत्याचा मेसेज. तो म्हणतो, "दादा, माझ्या हॅचबॅकला ८० एचपी पुरतात, चार माणसं घेऊन घाट चढते. मग मांडव्याला जाणाऱ्या छोट्या स्पीडबोटीच्या मागे दोनशे-दोनशेची दोन इंजिनं कशाला लावतात? पाणी तर सपाट असतं!"

प्रश्न भारी आहे. पाणी सपाट असतं, हे तर त्यातलं सगळ्यात भारी.

आपण गोष्ट सुरू करू १८८६ पासून, कारण त्या वर्षी एकाच माणसाने जवळपास एकच इंजिन रस्त्यावरही चालवलं आणि पाण्यातही. जर्मनीत श्टुटगार्टजवळ कानश्टाट नावाचं गाव. तिथे गॉटलीब डाइमलर आणि त्याचा जोडीदार विल्हेल्म मायबाख घराच्या बागेतल्या काचघरात इंजिनं बनवायचे. त्या वर्षी त्यांनी एका घोडागाडीत इंजिन बसवलं. ४६२ सीसी, ताकद साधारण एक एचपी. आजच्या स्कूटीच्या सात-आठ एचपीसमोर हसू येईल असं. ती गाडी ताशी सोळाएक किलोमीटरने पळाली. त्याच वर्षी त्यांनी तसंच इंजिन साडेचार मीटरच्या एका होडीत टाकलं आणि नेकर नदीत सोडलं. होडीचा वेग आला सहा नॉट, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर.

गंमत अशी की डाइमलरचा धंदा आधी चालला तो गाड्यांवर नाही, होड्यांवर. रस्ते खराब होते, नदी आयती होती. पण लोकांना पेट्रोलची भीती वाटायची, इंजिन फुटेल म्हणून. तेव्हा या पठ्ठ्याने होडीवर तारा आणि चिनी मातीचे इन्सुलेटर लावून ती विजेवर चालते असा भास निर्माण केला. मार्केटिंग डिपार्टमेंट तेव्हापासून असंच आहे.

तर एक एचपीला सोळा आणि अकरा. फरक फार वाटत नाही ना? खरा फरक तुम्ही आणखी वेग मागता तेव्हा कळतो.

सपाट रस्त्यावर ताशी ८० ने चाललेल्या छोट्या कारला किती ताकद लागते, सांगा बघू? टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध धरून हिशेब केला तर दहा ते पंधरा एचपी. बस्स. उरलेले पासष्ट-सत्तर घोडे तबेल्यात बसून असतात. ओव्हरटेक करताना, कसारा चढताना पाच-दहा मिनिटं बाहेर येतात आणि परत आत. म्हणजे कारच्या कागदावरचा ८० हा आकडा रोजच्या वापराचा नसतोच. लग्नातल्या शालूसारखा तो, असतो पण रोज नेसायचा नसतो.

होडीला ही चैन नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट. त्यात होडी पाणी नुसतं कापत नाही, लाटा तयार करते, आणि त्या लाटा बनवायची ताकद इंजिनातूनच जाते. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७२ मध्ये टॉर्की इथे लांबलचक टाकी बांधून त्यात जहाजांची छोटी मॉडेलं ओढून हे मोजायला सुरुवात केली. त्यातून जे कळलं ते थोडक्यात असं: होडीची लांबी तिचा आरामाचा वेग ठरवते. चाळीस फुटी होडी साधारण साडेआठ नॉटपर्यंत सुखाने जाते. त्यापुढे ती स्वतःच बनवलेल्या लाटेचा चढ चढायला लागते. हो, सपाट पाण्यात स्वतःचाच घाट! नाहीतर मग होडीचा आकारच असा लागतो की ती उचलून पाण्यावर घसरत जाईल. स्पीडबोट तेच करते, पण त्या घसरण्यासाठी भरपूर ताकद सतत ओतावी लागते. मुंबई ते मांडवा अख्खा वेळ. कार घाटात पाच मिनिटं जे करते ते स्पीडबोट पूर्ण प्रवासभर करते. चारशे घोड्यांचं उत्तर इथेच मिळालं, पण थांबा, इतिहास अजून बाकी आहे.

दुसरी भानगड पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची. आपल्याकडे बंदरावर सगळे पंखाच म्हणतात, मीही तेच म्हणतो. कारला पाच गिअर असतात. चढ आला की खालचा टाका, सपाट आलं की वरचा. साध्या होडीच्या गिअरबॉक्सला पुढे, मागे आणि न्यूट्रल एवढंच असतं, आणि पुढचा गिअर एकच. इंजिनाचे फेरे वाढले की पंख्याचे त्याच प्रमाणात वाढणार. आणि पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे दुप्पट केले तर ताकद आठपट. उलटं बघा: फेरे ८० टक्क्यांवर आणले तर ताकद जेमतेम ५१ टक्के लागते. हे एक गणित लक्षात ठेवा, पुढे तीन वेळा लागणार आहे.

नुसती ताकद असून भागत नाही, पाण्याला ती घेता आली पाहिजे. ही गोष्ट सगळ्यात महागात शिकला तो चार्ल्स पार्सन्स. आयर्लंडच्या सरदार घराण्यातला हा माणूस, स्टीम टर्बाइनचा जनक. १८९४ मध्ये त्याने 'टर्बिनिया' नावाची एकतीस मीटर लांबीची सडपातळ बोट बांधली आणि त्यात आपली टर्बाइन बसवली. टर्बाइन भन्नाट वेगाने फिरते. एक दांडा, त्याला एक पंखा. पाण्यात सोडली तर बोट वीस नॉटसुद्धा गाठेना. इंजिन ठणठणीत होतं, ताकद भरपूर होती, मग ती जात कुठे होती?

पार्सन्सने काच लावलेली छोटी पाण्याची टाकी बनवली, तिच्यात लहानसा पंखा फिरवला, आणि लखलखत्या प्रकाशात थांबवून थांबवून त्याचे फोटो काढले. दिसलं असं की पंखा इतक्या जोरात फिरतोय की पात्याच्या पाठीमागचा दाब कोसळतो, पाण्याची वाफ होते आणि पोकळ्या तयार होतात. पंखा पाणी ढकलायच्या ऐवजी फेस घुसळत होता. आज याला कॅव्हिटेशन म्हणतात. त्याने एक टर्बाइन काढून तीन बसवल्या, तीन दांडे, प्रत्येकावर तीन पंखे. एकूण नऊ. ताकद साधारण दोन हजार एचपी, पण आता नऊ जणांत वाटलेली.

मग २६ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून स्पिटहेडच्या समुद्रात ब्रिटिश नौदलाचं संचलन. आणि हा गडी आमंत्रण नसताना 'टर्बिनिया' घेऊन त्या रांगांमध्ये घुसला, चौतीस नॉटने! तिला पकडायला पाठवलेल्या गस्ती बोटी मागे पडल्या. नौदलाची शोभा झाली, पण त्यांनी शहाणपणा केला. दोनच वर्षांत टर्बाइनच्या विनाशिका पाण्यात उतरल्या, आणि १९०६ ची 'ड्रेडनॉट' ही प्रचंड युद्धनौका टर्बाइनवरच निघाली. ती मूळ 'टर्बिनिया' आजही न्यूकॅसलच्या म्युझियममध्ये आहे. आपले कोणी मराठी मित्र तिथे शिकत असतील तर एक फोटो पाठवा रे.

मधली पंचवीस-तीस वर्षं मी पटकन उडवतो. १९०९ मध्ये नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने अमेरिकेत होडीमागे लटकवायचं दीड एचपीचं इंजिन विकायला काढलं. मैत्रिणीला आइस्क्रीम आणायला तळ्यात वल्ही मारत गेला, येईपर्यंत वितळलं, म्हणून सुचलं असं सांगतात. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची उरलेली इंजिनं रेसच्या बोटींत आणि दारूच्या चोरट्या बोटींत गेली. यावर वेगळा भाग होईल.

मला खरं सांगायचंय ते एका बसच्या इंजिनाबद्दल.

१९३८ मध्ये जनरल मोटर्सने ६-७१ नावाचं डिझेल इंजिन काढलं. सहा सिलिंडर, प्रत्येक ७१ घन इंचाचा, म्हणजे एकूण सात लिटर. टू-स्ट्रोक. हे बस आणि ट्रकमध्ये जायचं. मग युद्ध आलं. दोन ६-७१ जोडून शर्मन टँकच्या एका प्रकारात बसवली. आणि तेच इंजिन ग्रे मरीन नावाच्या कंपनीने समुद्रासाठी बदललं आणि ते गेलं हिगिन्स बोटीत. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'च्या सुरुवातीला समोरचं फळकूट धाडकन पडतं आणि सैनिक पाण्यात उतरतात, ती बोट. न्यू ऑर्लिन्सचा अँड्र्यू हिगिन्स दलदलीत चालणाऱ्या उथळ होड्या बनवायचा, त्यातून ती आली. तशा वीस हजारांहून जास्त बनल्या.

आता आकडे बघा. टँकमधली जोडी मिळून ३७५ एचपी द्यायची, २१०० फेऱ्यांवर. म्हणजे एका इंजिनाचे १८७ च्या आसपास. बोटीतलं एकटं इंजिन, तेच २१०० फेरे, आणि २२५. लोखंड तेच, मग जास्तीचे घोडे आले कुठून? इंजेक्टर आणि मोजायची पद्धत हा भाग आहेच, पण मोठी गोष्ट म्हणजे थंडावा. टँकला रेडिएटर लागतो आणि त्यावर हवा मारायला जबरदस्त पंखे. ते फिरवायला इंजिनाचीच ताकद जाते. बोट तर रेडिएटरमध्येच तरंगत असते! समुद्राचं पाणी उचलायचं, इंजिनाच्या आतल्या गोड्या पाण्याची उष्णता त्याला द्यायची, आणि परत समुद्रात सोडायचं.

आणि २२५ एचपीने ती बोट करायची काय? छत्तीस सैनिक घेऊन बारा नॉट. ताशी बावीस किलोमीटर. पुण्यात संध्याकाळी सहा वाजता कर्वे रोडवर जो वेग मिळतो, साधारण तेवढा. आज २२५ एचपीची कार ताशी दोनशेच्या पुढे जाते. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे जाणारी पोरं, बरीचशी आपल्यापेक्षा लहान, या ताशी बावीसच्या वेगाने मशीनगनच्या समोर जात होती. त्यांच्या मागे धडधडणारं इंजिन शांततेत एखाद्या शहरात बस ओढत असतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ते डिझेल होतं. त्याच काळातल्या पीटी बोटी बघा: तीन पॅकार्ड इंजिनं, युद्धाच्या शेवटी प्रत्येकी दीड हजार एचपीपर्यंत गेलेली, वेग चाळीस नॉटच्या आसपास, आणि इंधन विमानाचं शंभर ऑक्टेन पेट्रोल. गोळी टाकीला लागली तर काय, हे सांगायला नको. वेगाची किंमत त्यांनी अशीही मोजली.

थंड पाण्याचा हा फायदा अजून चालतो. कमिन्सचं ५.९ लिटरचं बी-सिरीज इंजिन घ्या. आपल्याकडे टाटा-कमिन्स जमशेदपूरला याच घराण्यातली इंजिनं बनवते. टाटाच्या ट्रकवर 'कमिन्स' लिहिलेलं तुम्ही हायवेवर पाहिलंच असेल. १९८९ मध्ये अमेरिकेत डॉज पिकअपमध्ये हे आलं तेव्हा १६० एचपीचं होतं. हौशी बोटींसाठी त्याचंच टर्बो आणि समुद्राच्या पाण्याने हवा थंड करणारं रूप गेलं ३७० एचपीपर्यंत. दुपटीपेक्षा जास्त! पण त्याच ५.९ लिटरचं कामाच्या बोटीसाठीचं रूप सुमारे २२० ला थांबतं.

एकाच इंजिनाचे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. कारण बोटीच्या इंजिनाचा एचपी हा आकडा एकटा कधी येत नाही, त्याच्यासोबत वेळ येते. ३७० म्हणजे आठ तासांत साधारण एक तास पूर्ण ताकद, आणि वर्षाला मोजकेच तास. शनिवार-रविवारचं गिऱ्हाईक. मासेमारीचं किंवा टगचं इंजिन तासन्‌तास, महिनोन्‌महिने भाराखाली राहणार, म्हणून त्याला कमी ताकदीत बांधून ठेवतात. आमच्या फील्डमध्ये सांगायचं तर लॅपटॉपचा टर्बो बूस्ट आणि सर्व्हरचा चोवीस तासांचा लोड. कारच्या पेट्रोल इंजिनाचं ब्रोशर नेहमी बूस्टचा आकडा छापतं.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी घरात दिसलं होतं. माझ्या मामाची रत्नागिरी जिल्ह्यात मच्छीमारीची होडी आहे. जुनं इंजिन शंभर एचपीचं, २००० फेऱ्यांचं, म्हातारं झालेलं. कोणीतरी सांगितलं, ट्रकचं रिकंडिशन इंजिन घ्या, १६० चं, २५०० फेऱ्यांचं, स्वस्तात मस्त. मामाने कर्ज काढून घेतलं. गिअरबॉक्स तोच, पंखा तोच. साठ घोडे जास्त आले म्हणून खलाशांना पेढे वाटले.

आता मघाचं घनाचं गणित लावा. जुना पंखा २००० फेऱ्यांना शंभर एचपी खात होता. २५०० ला किती मागेल? सव्वापटीचा घन, म्हणजे १९५. इंजिन देतंय १६०. त्यामुळे ते २५०० ला कधी पोचलंच नाही, २३०० च्या आसपास अडकून बसायचं, पूर्ण दाबलेलं, काळा धूर सोडत. तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा घाट पाचव्यात चढवतो तसं, फक्त रोज दहा तास. होडीचा वेग वाढला एक नॉटसुद्धा नाही, कारण लांबी तीच आणि लाट तीच. डिझेल मात्र दीडपट. दुसऱ्या हंगामात पिस्टन जाम झाला, किनाऱ्यापासून बऱ्याच लांब. दुसऱ्या होडीने ओढून आणलं. तो हंगाम गेला आणि हप्ते चालू राहिले. मामी अजून 'ट्रक' हा शब्द घरात काढू देत नाही.

ट्रकचं इंजिन होडीत चालत नाही असं मी म्हणत नाही, ६-७१ ने ते उत्तम चालतं हे दाखवलंय. पण पंखा बदलावा लागतो किंवा गिअरचं प्रमाण, आणि इंजिन १२०-१३० ला बांधावं लागतं. शेवटी मामानेही तेच केलं. बंदरावरच्या एका जुन्या मिस्त्रीने पंख्याचा पिच कमी करून घ्यायला लावला, पूर्ण थ्रॉटलवर फेरे नीट येतात का ते बघितलं, आणि तांडेलाला सांगितलं की काटा २१०० च्या पुढे नेलास तर मला तोंड दाखवू नकोस. त्याने फ्रूडचं नाव ऐकलेलं नाही.

आता दुसरं टोक. २००६ मध्ये डेन्मार्कमध्ये 'एमा मर्स्क' हे कंटेनर जहाज बांधलं गेलं, जवळपास चारशे मीटर लांब. तिचं मुख्य इंजिन चौदा सिलिंडरचं, २३०० टन वजनाचं. एकेका सिलिंडरचा व्यास ९६ सेंटीमीटर, पिस्टनची धाव अडीच मीटर. एका सिलिंडरमध्ये १८०० लिटर. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आणा. एकूण पंचवीस हजार लिटर. ताकद ८० हजार किलोवॅट, म्हणजे सुमारे १ लाख ८ हजार एचपी. आता भागाकार करा. लिटरमागे चार एचपी आणि थोडं. तुमच्या १.२ लिटरच्या हॅचबॅकमध्ये लिटरमागे सत्तर!

मग हे जगातलं सगळ्यात मंद इंजिन का? एका अर्थी होय. ते मिनिटाला फक्त १०२ फेरे घेतं. तुमची कार सहा हजार. पण पिस्टनवर पडणारा सरासरी दाब काढला तर जहाजाचा कारच्या पावणेदोनपट येतो. ढकलण्यात ते कमी नाही, उलट जास्त आहे. फक्त ते हळू ढकलतं, कारण पलीकडे नऊ मीटरहून मोठा पंखा थेट जोडलेला आहे, मध्ये गिअरबॉक्सच नाही. मोठा पंखा हळू फिरला तरच पाणी नीट ढकललं जातं, फेस होत नाही. पार्सन्स आठवला? मागे जायचं असेल तर हे इंजिन चक्क थांबवून उलट्या दिशेने चालू करतात. आणि इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा ते कामात आणतं, जे आपल्या कारच्या पेट्रोल इंजिनाच्या स्वप्नातही नाही.

एवढं अवाढव्य इंजिन बांधलं आणि दोन वर्षांत तेल भडकलं, पाठोपाठ मंदी आली. मर्स्कने आणि मग बाकीच्यांनीही जहाजं मुद्दाम हळू चालवायला सुरुवात केली. पंचवीस नॉटऐवजी वीस. पुन्हा तेच गणित: वेग ८० टक्के, ताकद ५१ टक्के. प्रवासाला सव्वापट वेळ लागतो, तरी एका फेरीचं इंधन साधारण ३६ टक्क्यांनी वाचतं. २०१३ मध्ये मर्स्कची ट्रिपल-ई जहाजं आली. 'एमा'वर पंधरा हजारांच्या आसपास कंटेनर मावायचे, यांच्यावर अठरा हजार. इंजिनं दोन, पण दोघांची मिळून ताकद ५९ हजार किलोवॅट. जहाज मोठं झालं आणि घोडे एक चतुर्थांशाने कमी झाले. कारच्या जाहिरातीत असं वाक्य कधी ऐकलंय?

तर मेसेजवाल्या मित्रा, पुढच्या वेळी मांडव्याला जाशील तेव्हा बोट वेगात आल्यावर थ्रॉटल कुठे आहे ते बघ, आणि ती धक्क्याला लागेपर्यंत किती वेळा मागे येते ते मोज. आणि ज्यांच्या घरी होडी आहे त्यांनी इंजिनाच्या नेमप्लेटचा फोटो पाठवा: एचपी, फेरे, आणि कंटिन्युअस की इंटरमिटंट लिहिलंय ते. पंख्याचा व्यास आणि पिच माहीत असेल तर तोही. पुढच्या भागात आपण त्यातल्या दोन-तीन होड्यांची आकडेमोड करू.